पुलाच्या वाटेतली खोली

१

मेट्रनबाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी जिन्यात त्या समोरून आल्या की बिल्डिंगमधली माणसं आपोआप आवाज खाली आणायची. सगळी नोकरी इस्पितळात गेलेली. वॉर्ड असा ठेवायच्या की मोठे डॉक्टरही आत शिरताना आधी बूट पुसायचे. आता त्यांच्या वॉर्डात एकच माणूस उरला होता, आणि तो त्यांचा नवरा होता.

काका उभा जन्म शहराची बस चालवत आलेले. गेल्या काही वर्षांत त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली होती. आधी नावं गेली, मग वार गेले, मग जेवण झालं की नाही हेही जायला लागलं. बरा दिवस असला की ते बायकोला 'अगं' म्हणायचे. वाईट दिवस असला की 'सिस्टर' म्हणायचे, कारण हात मोडून इस्पितळात आले तेव्हा ती पहिल्यांदा भेटली होती आणि त्या भेटीच्या पुढचं सगळं त्या दिवसापुरतं पुसलेलं असायचं. मेट्रनबाई दोन्ही हाकांना सारखीच ओ द्यायच्या.

सकाळचा क्रम ठरलेला. त्यांना उठवायचं, दाढी करून द्यायची, हॉल ओलांडून पलीकडे बाल्कनीपाशी वेताच्या खुर्चीत नेऊन बसवायचं. मग चहा. कपबशीत द्यायचा आणि बशीत चमचा ठेवायचा, कारण साखर ढवळणं हे एक काम ते अजून स्वतः करायचे आणि मन लावून करायचे.

हॉल तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगच्या अगदी टोकाला. पूर्वेला एक मोठी खिडकी आणि बरोबर तिच्यासमोर, पश्चिमेला, दुसरी. पूर्वेच्या खिडकीतून नवीन उड्डाणपूल दिसायचा, म्हणजे अर्धाच. काठी लांब केली तर टेकेल इतक्या जवळ येऊन तो थांबला होता. तुटक्या तोंडातून गंजक्या सळया बाहेर आलेल्या. पश्चिमेच्या खिडकीतून उरलेला अर्धा दिसायचा, तसाच, सळया इकडे करून. मधे ह्यांचा हॉल. पुलाच्या नकाशात बिल्डिंगचं हे टोक छाटलेलं होतं. वरचे दुसरी जागा घेऊन गेले, खालचे गेले. मेट्रनबाईंनी मात्र हरकत घेतली, सुनावणीत उभ्या राहिल्या, कोर्टात गेल्या आणि काम थांबवून घरी आल्या.

"मॅडम, तुमच्या एका हॉलपायी अख्ख्या शहराचा खोळंबा झालाय," पुलाचा इंजिनिअर एकदा काकुळतीला येऊन म्हणाला होता.

"शहराला दुसरा रस्ता सापडेल," मेट्रनबाई म्हणाल्या. "ह्यांना दुसरं घर सापडत नाही."

आणि ते खरंच होतं. लेकीकडे काही दिवस राहून बघितलं होतं. तिथे काका पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेत हरवले. पॅसेजमध्ये भिंतीला हात लावून, लहान मुलासारखे हुंदके देत उभे असलेले सापडले. परत आणल्यावर मात्र कुणाचा हात न धरता चालत गेले आणि आपल्या खुर्चीत बसले. मेट्रनबाईंचा निर्णय तिथेच झाला.

तर एका सकाळी त्यांनी चहा ठेवला, वळल्या, आणि मागे चमचा वाजायला लागला. बशीत, बारीक, किणकिण करत. जवळून जड गाडी गेली की वाजतो तसा. किणकिण वाढत गेली, ऐन भरात आली आणि विरली. काकांनी बशीला हातही लावलेला नव्हता. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे हळूहळू मान फिरवत होते, आणि मधेच त्यांनी हात उंच केला, ड्रायव्हर लोक एकमेकांना करतात तसा.

"कुणाला हात केलात?"

"आपल्या डेपोतला आहे," काका म्हणाले. "नाव काही आठवत नाही बघ."

२

चमच्याचं त्यांनी मनावर घेतलं नाही. शहर आहे, कुठेतरी रोलर फिरत असेल, कुणी पाया खणत असेल. काकांनी हात केला तेही नवीन नव्हतं. ते कधीकधी टीव्हीतल्या माणसांनाही बसा म्हणायचे.

मग काका हॉल ओलांडेनासे झाले.

म्हणजे ओलांडायचे, पण कसे? खुर्चीतून उठून चार पावलं यायचे आणि हॉलच्या मध्याच्या अलीकडे थबकायचे. आधी पूर्वेकडे बघायचे, मग पश्चिमेकडे, मग पुन्हा पूर्वेकडे. कधी लगेच निघायचे. कधी चांगला वेळ उभे राहायचे, एक पाय पुढे टाकून परत मागे घ्यायचे. मेट्रनबाई स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून बघत राहायच्या.

"अहो, बाथरूमला जायचंय ना? या की."

"जाऊ दे हिला," काका म्हणायचे. "फार जोरात आहे."

पहिल्या दिवशी मेट्रनबाईंना हसू आलं. फोनवर लेकीला सांगितलं तर तीही हसली. डॉक्टर म्हणाले, असं होतं. जुनी सवय वर येते, बाकीचं बुडतं. मेट्रनबाईंना ते पटलं. त्यांनी असे पेशंट पाहिले होते. एक शिंपी तर मरेपर्यंत चादरीला काजं करत होता.

पण चमचा रोज वाजत होता, आणि काका थबकले की हमखास वाजत होता.

खाली रस्त्यावर चष्मेवाल्याचं दुकान होतं. भिंतभर काचा. काही हादरत असतं तर आधी त्याच्याकडे हादरलं असतं.

"नाही हो मेट्रनबाई," तो म्हणाला. "उलट तुम्ही काम बंद पाडल्यापासून इतकी शांतता आहे की गिऱ्हाईक नसलं तर मला झोप लागते. का? काही तडा-बिडा गेलाय का वर?"

"तडा नाही. सहज विचारलं."

सहज काही विचारणं हे मेट्रनबाईंच्या स्वभावात नव्हतं. चष्मेवाल्याच्याही ते लक्षात आलं, पण पुढे विचारायची त्याची छाती झाली नाही.

त्यांनी इंजिनिअरला गाठलं. म्हणाल्या, मला पूल दाखवा. त्याला वाटलं बाई अखेर मऊ पडल्या. मोठ्या उत्साहाने तो त्यांना पूर्वेकडच्या चढावरून वर घेऊन गेला. पुलाच्या तोंडाशी सिमेंटचे ठोकळे आडवे टाकलेले होते. त्यांच्या फटीतून एक सायकलही गेली नसती. वर सांध्यांमध्ये गवत उगवलेलं. एक कुत्रा ऊन खात पडला होता. धुळीत त्याच्या पंज्यांखेरीज कसलाही ठसा नव्हता.

मेट्रनबाई चालत चालत तुटक्या टोकाशी गेल्या. समोर त्यांचीच खिडकी. आत खुर्चीत काका, दाढी केलेले, स्वच्छ सदऱ्यात. आपण ठेवलेला पेशंट बाहेरून पहिल्यांदाच बघावा तसं त्यांना वाटलं. काकांनी त्यांना ओळखलं. ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हात जिवाच्या आकांताने हलवायला लागले. बाजूला. बाजूला हो.

बाई बाजूला झाल्या. त्यांचा जीव शांत व्हावा म्हणून झाल्या, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्या कठड्याला टेकल्या, तेवढ्यात पुलावरची वाळकी पानं उठली. सगळीकडची नव्हे. त्या मघाशी उभ्या होत्या त्या पट्ट्यातलीच, एकामागून एक, टोकाच्या दिशेने. कुत्रा उठला आणि शेपूट पोटाशी घेऊन निघून गेला.

"वर वारा फार असतो, मॅडम," इंजिनिअर म्हणाला.

त्याच्या हातातला नकाशा मात्र जरासुद्धा फडफडला नव्हता.

३

मेट्रनबाईंनी घाबरायचं नाही, बघायचं असं ठरवलं. आजार नवीन असला की त्या असंच करायच्या.

हॉलमध्ये जमिनीवर त्यांनी वर्तमानपत्राचं एक पान पसरून ठेवलं आणि दारात स्टूल टाकून बसल्या. दोन्ही खिडक्या घट्ट लावलेल्या, पंखा बंद. बराच वेळ काही झालं नाही. मग चमचा वाजायला लागला. पानाची पूर्वेकडची कड उचलली गेली, पान कुशीवर वळल्यासारखं वळलं आणि सरपटत पश्चिमेच्या भिंतीला जाऊन चिकटलं. किणकिण विरली तसं ते खाली गळून पडलं.

उभं राहिल्यावर त्यांना वास आला. तापलेल्या डिझेलचा, आणि त्यात बंद डब्यात खूप माणसं असली की येतो तो ओलसर, कपड्यांचा वास. त्यांनी खिडकी उघडली. बाहेर असं काहीच नव्हतं. वास आतच होता.

दुपारी ऊन हॉलच्या भिंतीवर पडायचं तेव्हा तिथे सावल्या सरकायच्या. लहान सावली भर्रकन जायची. लांब सावलीला जायला वेळ लागायचा, आणि तिच्यात वरच्या अंगाला उजेडाचे चौकोन असायचे, एका ओळीत. त्या चौकोनांकडे बघायचं मेट्रनबाई टाळायच्या. रात्रपाळीत पडद्यामागे माणूस गेल्याचं कळतं आणि तरी आपण हातातलं इंजेक्शन पुरं करतो, तसं त्या आपलं काम पुरं करायच्या.

हे सगळं आपल्या मनाचे खेळ असतील, हेही त्यांनी तपासून पाहिलं. एकटीने आजाऱ्याचं करणारी माणसं हळूहळू त्या आजाऱ्याच्याच जगात जातात, हे त्यांनी नातेवाइकांना कितीदा समजावलेलं. "दिवसातून एकदा बाहेर पडा, चार माणसांशी बोला." आता त्या स्वतःला तसंच सांगत बाजारात जाऊन यायच्या, चष्मेवाल्याशी चार शब्द बोलायच्या, जिन्यात मुलांना ओरडायच्या. सगळं ठाकठीक असायचं. दार उघडून आत पाऊल टाकलं की पुन्हा तोच वास.

एका दुपारी त्या काकांची औषधं घेऊन हॉलमधून निघाल्या आणि थांबल्या. पूर्वेकडे बघितलं. पश्चिमेकडे बघितलं. मग भरभर पलीकडे गेल्या. पोचल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

काकांनी गोळी घेतली, पाणी प्यायले आणि प्रेमाने म्हणाले, "अशीच येत जा. घाई करत जाऊ नकोस."

त्या दिवसापासून पलीकडे जाताना त्यांनी काकांचा हात धरायला सुरुवात केली. कोण कोणाला नेत होतं, ते सांगणं अवघड होतं.

४

लेक आली ती भांडायच्या तयारीनेच आली. दारातच पर्स आदळून म्हणाली, "आई, खालच्या चष्मेवाल्यांनी मला फोन केला. तू जमिनीवर पेपर टाकून बसतेस म्हणे, दार उघडं ठेवून!"

"त्यांना स्वतःचा नंबर तपासायला सांग."

"थट्टा करू नको. बाबांचं मी समजू शकते. पण तू? तू खोली ओलांडताना डावी-उजवीकडे बघतेस? मी आत्ता बघितलं."

"तुला पाणी देऊ का?"

"आई, पुलवाले दुसरी जागा देतायत. लिफ्ट आहे, बाग आहे. घे आणि मोकळी हो. लोक तुला काय काय बोलतात, माहिती आहे का?"

"नव्या जागेत तुझ्या बाबांचा पहिला महिना कसा जाईल, ते तुला माहिती आहे का?" मेट्रनबाईंचा आवाज चढला नाही. तो कधीच चढायचा नाही. "तुझ्या पॅसेजमध्ये उभे होते तेव्हा त्यांनी मला काय विचारलं, माहिती आहे? म्हणाले, सिस्टर, मी मेलोय का?"

लेकीचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून ती वळली. "मी बाबांशीच बोलते," म्हणाली आणि तरातरा हॉलमधून निघाली.

स्वयंपाकघरात सगळी भांडी एकदम वाजली.

"थांब!" काका ओरडले. त्यांचा तो आवाज घरात कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता. भर चौकात, उघड्या खिडकीतून डोकं बाहेर काढून मारलेली हाक होती ती. मेट्रनबाईंनी लेकीचा दंड धरून तिला मागे खेचलं. दोघी दारात कोसळल्या. लेकीच्या गळ्यातला निळा स्कार्फ सर्रकन निघाला, हवेत ताठ झाला आणि पश्चिमेच्या उघड्या खिडकीतून बाहेर गेला.

भांडी वाजायची थांबली. लेकीच्या मानेवर, स्कार्फ ओढला गेला तिथे, लाल रेघ उमटत होती. मेट्रनबाईंनी सवयीने बोटं लावून बघितली. कातडं सोललं नव्हतं.

दोघी खिडकीशी गेल्या. स्कार्फ पलीकडच्या अर्ध्या पुलावर पडला होता, चांगला लांब. वाऱ्याने पडलेलं कापड चुरगळलेलं असतं. हा इस्त्री केल्यासारखा सपाट होता, आणि त्याच्यावरून आडवा, काळा, नक्षीदार पट्टा गेलेला.

लेक म्हणाली, "वाऱ्याचा झोत होता तो. दोन्ही खिडक्या समोरासमोर आहेत ना." आणि जाताना, बुटांचे बंद बांधताना, मान वर न करता, "आई, तुम्ही दोघं निघा इथून. आज निघा. मी पाया पडते तुझ्या."

"कोर्टाची तारीख जवळ आली आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "ती झाली की बघू."

लेक गेल्यावर त्यांनी माळ्यावरून कपडे वाळत घालायची जाड दोरी काढली आणि भिंतीत खिळे ठोकून हॉलच्या आरपार, खिडकीपासून खिडकीपर्यंत, काकांच्या बाजूने कठड्यासारखी बांधली. मधे एक फट ठेवली, हात धरून ओलांडण्यापुरती.

काकांनी दोरी हाताने चाचपून बघितली. "हे चांगलं काम केलंस," म्हणाले. "इथे फुटपाथ हवाच होता."

५

आणि मेट्रनबाई जिंकल्या.

निकाल इतका सरळ लागला की त्यांच्या वकिलालाही नवल वाटलं. पुलाचा मार्ग बदलायचा. पूर्वेकडचा भाग बिल्डिंगच्या आधीच वळवून खाली उतरवायचा, म्हणजे पूर्वेचा अर्धा पूल तसाच राहणार. पश्चिमेकडचा अर्धा पाडून टाकायचा. हॉलला हात लावायचा नाही.

बिल्डिंगमधले लोक आले, हार घालायचं तेवढं बाकी ठेवलं. जे हॉल सोडायच्या कागदांवर सह्या करा म्हणून मागे लागले होते तेच सगळ्यात मोठ्याने म्हणाले की आम्हाला आधीपासून खात्री होती. चष्मेवाल्याने त्यांच्या चष्म्याला फुकट नवीन दांडी बसवून दिली. लेकीने फोनवर नुसतं "हं" म्हटलं.

पश्चिमेला मशीन लागलं. दणदण आवाज, धुरळा, सगळं अगदी खरं आणि सगळ्यांना ऐकू येणारं. मेट्रनबाई खिडकीत उभ्या राहून बघायच्या. एकेक तुकडा तुटून खाली जायचा. सळया कापल्या गेल्या. खांब गेले. शेवटी खिडकीबाहेर मोकळं आभाळ राहिलं आणि खूप खाली साधा रस्ता.

"बघा," त्या काकांना म्हणाल्या, "गेला पूल. आता कुणी आपल्या घरातून जाणार नाही."

काका आभाळाकडे बघत राहिले.

"पण अगं," ते म्हणाले, "त्यांना कुणी सांगितलंय का?"

६

दुसऱ्या दिवशी जेवताना चमचा वाजायला लागला. मेट्रनबाईंचा घास हातातच राहिला. पूर्वेकडून किणकिण वाढत आली, नेहमीसारखी ऐन भरात आली, आणि मग विरलीच नाही. पश्चिमेच्या खिडकीशी ती तुटली. कात्रीने कापावी तशी.

काचा फुटल्याचा आवाज नाही. किंकाळी नाही. खाली रस्त्यावर एक माणूस शिट्टी वाजवत चालला होता, त्याची शिट्टीसुद्धा चुकली नाही.

"पडली," काका म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा किणकिण, पुन्हा तुटली.

"हीपण."

ते ताट बाजूला सारून उठले, दोरीखालून वाकून गेले, आणि मेट्रनबाई पोचेपर्यंत त्यांचा एक पाय पश्चिमेच्या खिडकीच्या चौकटीवर होता. दोन्ही हात पूर्वेकडे करून ते ओरडत होते, "मागे घ्या! पुढे रस्ता नाही! मागे घ्या!" मेट्रनबाईंनी कमरेला विळखा घालून त्यांना आत ओढलं. जुने ड्रायव्हरचे हात. आवरताना त्यांचा सगळा जीव गोळा झाला.

त्यांनी तातडीने माणूस बोलावून खिडकीला लोखंडी जाळी ठोकून घेतली. प्रश्न मिटला असं वाटलं. पण काकांनी जाळीवर हात आपटायला सुरुवात केली. सकाळी बांधलेलं बँडेज दुपारपर्यंत लाल व्हायचं. खाणं सुटलं. झोपेची गोळी दिली तरी झोपेत त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत राहायचा.

"अहो, तिथे काही नाही," मेट्रनबाई म्हणायच्या.

"माणसं आहेत त्यांत," काका म्हणायचे. त्या दिवसांत ते एकदाही 'सिस्टर' म्हणाले नाहीत. नजर कधी नव्हे इतकी स्वच्छ होती, आणि तीच बघवत नव्हती. "घरी चाललेली माणसं आहेत गं. तू बघत का नाहीस?"

मेट्रनबाई बघत नव्हत्या, हे खरं होतं. उजेडाच्या त्या चौकोनांत काय आहे ते न बघताच त्यांनी एवढे दिवस काढले होते.

त्या इंजिनिअरच्या ऑफिसात गेल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "पश्चिमेचा पूल परत बांधा. माझा हॉल घ्या. मी सही करते."

तो आधी हसला. मग त्यांचं तोंड बघून हसू आवरलं आणि त्याने खुर्ची पुढे केली. "मॅडम, आता नाही होत. तुम्हीच जिंकलात ना."

"जिंकले," मेट्रनबाई म्हणाल्या. "चूक झाली."

"पण कुणाचं काय बिघडलं? पूल तर सुरूच झाला नव्हता."

त्या घरी आल्या. जिन्यातच त्यांना वरून जाळीवर हात आपटल्याचा आवाज आला.

७

दुपारचं ऊन हॉलमध्ये आलं होतं. मेट्रनबाईंनी काकांना खुर्चीत बसवलं, हात धुवून पुसले, नवीन पट्ट्या बांधल्या. मग त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून म्हणाल्या, "तुम्ही उठायचं नाही. तुमचं काम मी करते. मला फक्त सांगा, चालती बस कशी थांबवायची?"

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. नवख्या कंडक्टरकडे बघावं तसं.

"बाजूला उभं राहून हात करून काही होत नाही," ते म्हणाले. "सरळ समोर जायचं. मधोमध. आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं. तू घाबरून बाजूला होशील असं त्याला वाटलं, तर तो ब्रेक मारत नाही."

"डोळे कुठे असतील त्याचे?"

काकांनी पट्टी बांधलेला हात वर केला आणि हवेत एक जागा दाखवली. त्यांच्या डोक्याच्याही वर.

मेट्रनबाई उठल्या. दोरीच्या फटीतून आत गेल्या. पश्चिमेच्या खिडकीशी जाऊन त्यांनी पाठ जाळीला लावली, तोंड पूर्वेकडे केलं आणि दोन्ही हात पसरले. आपण किती वेड्या दिसत असू, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. खाली कुणी मान वर केली असती तर त्याला जाळीमागे एका म्हातारीची पाठ दिसली असती, इतकंच.

चमचा वाजला.

आधी पायांना कळलं. फरशी गुरगुरायला लागली. मग पूर्वेच्या खिडकीतला उजेड दाटला, हवा तापल्यावर पलीकडचं हलतं तसा हलला, आणि तापलेल्या इंजिनाची धग त्यांच्या पोटरीवर, पोटावर, चेहऱ्यावर चढत आली. डोळे मिटावेत असं सगळं शरीर ओरडून सांगत होतं. त्यांनी मान वर केली आणि काकांनी दाखवलेल्या जागेवर नजर रोवली. तिथे काहीच नव्हतं. त्या काहीच नसण्याकडे त्यांनी डोळे वटारून पाहिलं, ज्या नजरेने त्यांनी अख्खे वॉर्ड गप्प केले होते त्या नजरेने.

फरशी एकदाच, जोरात, हिसका खाऊन थांबली.

धग त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर उभी होती. मंद थरथरत. त्यांच्या श्वासाची वाफ समोर हवेतच धरली, काचेवर धरते तशी, आणि वायपरसारखं काहीतरी तिच्यावरून फिरून गेलं. वाफेत अर्धगोल पुसला गेला.

क्षणभरच. आत माणसं होती. मागपर्यंत. वरच्या दांडीला हात धरून उभी असलेली, मांडीवर पिशव्या घेऊन बसलेली, दमलेली. कुणाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आश्चर्यही नव्हतं. सगळी त्यांच्याकडे बघत होती, वाटेत उभ्या राहिलेल्या बाईकडे बघतात तशी, ती कधी बाजूला होते याची वाट बघत. पहिल्या बाकावरच्या एका बाईने मांडीवरच्या मुलाला जवळ ओढून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मुलाने बोट करून मेट्रनबाई दाखवल्या.

पुन्हा वाफ धरली.

"थांबली," खुर्चीतून काका म्हणाले. "थांबली गं. वाचली ही." मग त्यांनी पूर्वेकडे मान वळवली आणि बराच वेळ तिकडे बघत राहिले. "पण मागच्यांना काही दिसत नाहीये. लांबपर्यंत लागलीये रांग. आणि वळायला तर जागाच नाही."

मेट्रनबाईंचे हात खांद्यापासून दुखायला लागले होते. पाठीत जाळीचे चौकोन रुतत होते.

"किती वेळ धरून ठेवशील?" काकांनी विचारलं.

मागून, खूप मागून, पहिला हॉर्न वाजला. मग दुसरा. मेट्रनबाईंनी पाय आणखी घट्ट रोवले.